ट्रान्सफॉर्मरच्या चाकापाशी बसलेला घट

धरणी हालली की माणसं घराबाहेर पळतात. आमचे मालक ट्रान्सफॉर्मरकडं पळतात. अख्खं गाव मोकळ्या जागी उभं, अन् हा माणूस अंगात बनियन, तोंडात ब्रश, सबस्टेशनच्या फाटकाकडं! गावात बजरंगराव म्हणून लय मान हाय. मी बायको, मला खरं काय ते ठाऊक हाय.

झरी गावाच्या अलीकडं आमच्या गावाबाहेर सबस्टेशन हाय, तिथं हे ऑपरेटर. तिथला मोठा ट्रान्सफॉर्मर लोखंडी चाकांवर, रुळावर उभा असतो. चाकं पकडी लावून काँक्रीटला आवळलेली नसली, तर धक्क्यानं तो घसरतो अन् वरची चिनीमातीची नळकांडी फुटून तारा तुटतात. जुन्या पकडी पार गंजलेल्या. सारखे हादरे यायला लागले तसा ह्यांना घास उतरंना. "तो घसरला तर ड्यूटीवरचा माणूस खालीच असतो," म्हणले. ड्यूटीवरचा माणूस म्हंजे कोण? हेच की!

शेवटी परभणीहून भागवतसाहेब नव्या पकडी घेऊन आले. लाइन बंद करून तीन चाकं आवळली. चौथ्यापाशी गेले अन् तसेच मागं सरकले. चाकाच्या बुडाशी, नेमका बोल्टाच्या भोकावर, काळ्या मातीत गहू पेरून घट बसवलेला! वर विड्याची पानं, नारळ, माळ, अन् शेजारी अखंड दिवा.

ही करामत आमच्या सासूबाईंची, सगुणाबाईंची. मी त्यांना आत्याबाई म्हणते. लेकाच्या काळजीपायी त्यांनी दुसऱ्या ऑपरेटरला साबुदाण्याची खिचडी खाऊ घालून आत वाट काढली होती.

"एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत हालवत न्हाईत," त्या साहेबांना समजावून सांगायल्या. "मंग घटाला टेकलेला ह्यो लोखंडी डबा कसा हालंल?"

साहेबांना घाम फुटला. "आजी, ह्याच्यात तेल हाय हो! दिवा कशाला लावलाव?"

"माझ्या दिव्यातबी तेलच हाय."

दिवा कसाबसा ऑपरेटरच्या खोलीत गेला. घटाला हात लावायची मात्र साहेबांची छाती झाली न्हाई. त्यांच्याबी घरी घट बसलेला. त्यांनी बूट काढले, हात जोडले, चौथी पकड ह्यांच्या हवाली केली अन् "दसरा झाला की आवळा" म्हणून जीपमधी बसले.

वा रे साहेब! अन् आमचे हे त्यांच्यावर ताण. ड्यूटीला गेले की ट्रान्सफॉर्मर सरकू नये म्हणून चौथ्या चाकाला पाठ लावून बसायचे. मी डबा घेऊन गेले तरी उठंनात. "अवो, टनावारी वजन हाय ते! तुमी काय खुंटी हाव का?" तर म्हणे, आईचं मन मोडायचं न्हाई. मी आत्याबाईंच्या पाया पडले, कडाकडा भांडले, अबोला धरला. काही उपेग न्हाई. त्या रोज यायच्या, घटाला पाणी घालायच्या, माळ बांधायच्या, लेकाच्या डोक्यावर अक्षता टाकून जायच्या. गहू इतके वाढले की ह्यांच्या कानाला गुदगुल्या व्हायच्या.

आठव्या माळेला दुपारी आमी तिघंबी तिथंच होतो. आधी गहू थरथरले. मंग रूळ करकरला, अन् ट्रान्सफॉर्मर चौथ्या चाकाकडनं बोटभर सरकून ह्यांच्या पाठीवर रेटला. "अवो उठा!" मी किंचाळले. हे उठंनात. घटाभोवती दोन्ही हात धरून डोळे मिटून बसलेले.

उठता-बसता ज्यांना आधार लागतो, त्या आत्याबाई धावल्या. त्यांनी घट मातीसकट उचलला अन् छातीशी धरला.

"ऊठ मेल्या! लाइन बंद कर, अन् आवळ तो बोल्ट!"

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, घट हालला..."

"देवीची माफी मागता येतीय रे," आत्याबाई रडायल्या होत्या. "तू गेलास, तर मी कुणासाठी काय मागू?"