चौथ्या मोटरचा आवाज

फ्रेम, पाय, बॅटरीचा खण, एकूण एक सोल्डरिंग. माझा ड्रोन मी कुठल्याही कोर्सविना स्वतःच्या हातांनी बनवला.

पण मंडळी, आज थ्रॉटल वाढवला की तो उजवीकडे कलंडू लागला. मोटर बदलली, तरी तेच. दुपारी तिरोड्याचा फोटोग्राफर तो विकत घ्यायला येणार होता.

पंखे काढून मोटरी फिरवत होतो. भजनात टाळ वाजवणारी माझी बायको म्हणाली, "अवो कारागीर, तीन संगच सुरू होऊन राहिल्या, चौथी मांगून. आयकू नाही येत का?"

काय कान आहे! दोष मोटरचा नव्हताच, स्पीड कंट्रोलरचा होता. चारही कंट्रोलर एकत्र कॅलिब्रेट केले, म्हणजे एकाच मापाला जुळवले. ड्रोन अंगणावर स्थिर उभा राहिला.

"इतका चांगला उडून राहिला, अन् इकता कायले?" ती वर बघतच म्हणाली.

फोटोग्राफर चाळीस हजार देत होता. मी नाही म्हटलं.