जादूची पाच घराणी आणि आमचा मामा

जिंकणाऱ्या माणसाचा आमच्या मामाइतका राग अख्ख्या बनारसमध्ये कुणी केला नसेल. आमच्या घराची बाजूही त्याने बहुधा त्याच कारणाने घेतली. माझे बाबा ब्रह्मा घाटावर यात्रेकरूंच्या पंगतीत वाढपी होते. गंगेला पूर आला की यात्रेकरू बंद, पंगती बंद, आणि आमच्या एका खोलीत सकाळचाच भात संध्याकाळी फोडणी घालून. अशा घरातल्या मुलीला कॉलेजात घालायचंच, हा हट्ट बँकेत कारकून असलेल्या या मामाचा. मी घरातली पहिली पदवीधर झाले आणि नोकरी शोधायचं सोडून पत्त्यांचा एक खेळ रचत बसले.

घाटावर पोरं क्रिकेट खेळत असली की मामा हरणाऱ्यांसाठी ओरडायचा. ते जिंकू लागले की मुकाट्याने उठून पलीकडच्यांत जाऊन बसायचा. भाजी घ्यायचा तीसुद्धा ज्याच्या ठेल्यावर गिऱ्हाईक नाही त्याच्याकडून, त्यामुळे त्याच्या घरची वांगी कायम सुकलेली. मामी म्हणायची, "कुणी बेचारा दिसला की हे गेलेच तिकडे. मला बघायला आले तेव्हा माझं तोंड कसं दिसत असेल, ते आता कळतंय."

माझ्या खेळातल्या राज्यात जादूची पाच घराणी होती: आग, पाणी, वारा, सावली आणि माती. पुण्याच्या एका प्रकाशकाने साफ कळवलं होतं की जो तो आगच उचलतोय. पाचही बरोबरीची झाली तर छापू, नाहीतर राहू दे. राहिलंच तर मी गुमान शिकवण्या धरायच्या, असं घरात ठरलं होतं.

मामा खेळायला बसला आणि अर्थातच त्याने सगळ्यांत दुबळी माती उचलली. तिचा किल्ला उभा राहीपर्यंत मी त्याचं राज्य जाळून मोकळी व्हायचे. तो खुशीत हरायचा आणि पुन्हा माती मागायचा. एकदा मंगला गौरीच्या देवळाजवळ भाजलेल्या मातीच्या कुल्हडातला चहा पिताना मला सुचलं, आगीत माती पक्की होते की! मग नियमच केला: आग टाकली की मातीची भिंत आणखी मजबूत. माती जिंकली. मामाने ती त्याच क्षणी खाली ठेवली आणि पाणी उचललं.

मी चिडून म्हटलं, "अरे, आत्ता तर जिंकलास."

"म्हणूनच. तिला आता माझी काय गरज?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामा ज्याला हात लावेल ते घराणं आजारी समजायचं. पाणी सुधारलं तर त्याने सावली धरली, सावलीला बळ दिलं तर वारा. मध्ये तर चक्क आग मागितली, तेव्हा कळलं की तिचे पंख मी जरा जास्तच छाटले. तो पुढे, मी औषध घेऊन त्याच्या मागे.

आणि एका दुपारी पाचही घराण्यांचे पत्ते समोर असताना मामाचा हात एकावर गेला, दुसऱ्यावर गेला, परत मागे आला.

"काय गं," तो म्हणाला, "आता धरू तरी कुणाला?"

मी टाळी वाजवून मामीला हाक मारली. मामा हसला, पण थोडा पोरका दिसला.

खेळ छापून आला. डब्यावर माझं नाव आहे, पुढे बी.एस्सी.सुद्धा, बाबांच्या आग्रहाने. मामा तो खेळ आता खेळत नाही. पाचही घराणी बरोबरीची झाली आहेत.