सीतादहीची कॅसेट

पांढरकवड्याला एसटीतून उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं, पण पिशवीतला स्पीकर मात्र शाबूत होता. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवायच्या आणि इंटरनेटवर सगळ्यांना ऐकता येतील अशा ठेवायच्या, हे माझं पुण्यातलं काम. आमचा नियम एकच : ज्याचा आवाज, त्याचा होकार. एका जुन्या कॅसेटवर केळापूरकडच्या खेड्यातल्या अनसूयाबाईंचा आवाज होता. त्यांचा होकार घ्यायला मी निघाले होते.

काळीपिवळीत (प्रवासी जीप) इतकी माणसं कोंबली होती की श्वासही पाळीपाळीने घ्यावा. अर्ध्या वाटेत ती पंक्चर झाली. रस्त्याकडेला पऱ्हाटी (कपाशीची झाडं) लांबून हिरवीगार दिसत होती. सोबतच्या एका बाईंनी बोंड फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी.

"दरसाली हेच हाय, बाई," म्हणाल्या आणि हात झटकून चाक बघायला गेल्या.

अनसूयाबाईंच्या मुलाने, देविदासने, आधी जेवायला बसवलं. भाकर आणि वांग्याची भाजी. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागलं काय, ताई? पाव्हण्यायसाठी कमीच टाकलं होतं!"

जेवणानंतर कॅसेटमधलं गाणं लावलं. पहिल्या वेचणीआधी बाया शेतात सात खडे मांडून पुजतात, पिकावर दहीभात शिंपडतात. त्याला इथे सीतादही म्हणतात. त्या दिवशीचं हे गाणं. ते संपलं आणि बायांचा गलका सुरू झाला : "अनसूये, नाव घे! घेतल्याबिगर जाऊ देत नाही!" मग एक तरणा, लाजरा आवाज आला :

"दहीभाताचं मांडलं ताट,
किसनरावचं नाव घेतो, सोडा माही वाट."

देविदासचा चेहरा उतरला. "गाणं टाका, ताई. पण गाण्यामांगचं नाव काढा. बाप जाऊन साल झालं. मायनं घेतलेलं नाव साऱ्या दुनियेनं ऐकावं कायले? लोकं हासतीन."

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या परीने तो आईला जपत होता. मी अनसूयाबाईंकडे पाहिलं. भिंतीला टेकून त्या स्पीकरकडे बघत होत्या.

"हासू दे," त्या म्हणाल्या. "देवा, तुहा बाप गेला तवापासून मले कोणी नाव घ्याले सांगते काय? हळदीकुंकवाले बोलावत नाहीत. माह्या तोंडचं त्यायचं नाव या मशीनीतच उरलं. तेही काहून काढता?"

देविदास उठून आईशेजारी जाऊन बसला. मी मान खाली घालून स्पीकरची वायर गुंडाळत बसले, कारण मला रडू येत होतं आणि या खेपेला भाजीचं निमित्त नव्हतं.

पुण्याला परतले. सहकारी म्हणाला, शेवटचा गलका छाटला तर रेकॉर्डिंग स्वच्छ होईल. मी गलक्याला हात लावू दिला नाही, सगळं तसंच इंटरनेटवर ठेवलं.

नंतर एका संध्याकाळी देविदासचा फोन आला. घरात रेंज नाही म्हणून तो आईला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन आला होता. शेजाऱ्याच्या मोबाइलवर गाणं लावलं होतं.

"माय गाणं ऐकतच नाही, ताई. नुसतं मांगचं लाव म्हणून राह्यली."

त्याच्यामागून बायांचा गलका ऐकू आला, "अनसूये, नाव घे!" आणि या वेळी उत्तर द्यायला दोन आवाज होते. एक तरणा, कॅसेटमधला. दुसरा थकलेला, जरासा मागे पडणारा, पण नावापाशी बरोबर पोचलेला.