लाभाचं माप

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातही चौथी अर्धीच. पण मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं मापाडी होतो, आणि माझं माप चुकलं म्हणणारा अजून जन्माला यायचाय. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं लिहितोय ते माझ्याच चुकीचं आहे.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मुलाकडं आयर्लंडला आलो, ॲथलोनला. तीन महिन्यांसाठी. मग विमानं बंद झाली आणि राहिलो तो राहिलोच. सून डॉक्टर, ती दिवसदिवस दवाखान्यात. मुलगा वरच्या खोलीत कॉम्प्युटरशी बोलत बसायचा. खाली स्वयंपाकघरात मी आणि अकरा वर्षांची नात. मी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघांचं झकास चालायचं. ती नसती तर मी भिंतींशीच बोललो असतो.

पुढच्या जानेवारीत तिची शाळा पुन्हा बंद झाली. बाईंनी घरी लिहायला एक इतिहास दिला, तोही न घडलेला. हजार-बाराशे वर्षांमागं फ्रँक लोकांच्या राज्यात, ऱ्हाईन नदीकाठी, डोरेस्टाड नावाची मोठी पेठ होती. उत्तरेचे दर्यावर्दी येऊन ती लुटायचे. डब्लिन वसवणाऱ्यांचेच ते भाऊबंद. त्यात नदीनं पात्र बदललं आणि पेठ उठली. ती उठली नसती तर, हे लिहायचं.

"आय'ल गिव्ह द किंग अ ह्यूज आर्मी," नात म्हणाली.

"सैन्यानं पेठ टिकत नाही, बाई. मापानं टिकते."

"व्हॉट माप?"

मला तेवढंच पाहिजे होतं. तांदळाचं पोतं ओढलं, प्रेसमधून, म्हणजे इथल्या कपाटातून, स्टीलचा पेला काढला आणि पातेल्यात मापं टाकायला लागलो. मोंढ्यातल्यासारखं, सुरात. लाभ, दोन, तीन, चार. तिला दहाच्या पुढचे मराठी आकडे येत नाहीत, म्हणून ती कागदावर रेघा ओढत होती.

थांबलो तेव्हा माझी एकवीस मापं झाली. तिच्या रेघा वीस.

"एक चुकलीस," मी म्हणालो.

"आय डिडन्ट! यू काउंटेड राँग."

माझं माप? डोकंच फिरलं. "लक्ष नाही तुझं. असला मापाडी आम्ही पहिल्या दिवशी हाकलला असता!" असं बोलून गेलो. तिचे डोळे भरले. ती वर गेली आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस ती खाली फिरकली नाही. ताट मुलगा वर नेऊन द्यायचा. त्या घरात माझ्याशी दिवसभर बोलणारी ती एकटी, आणि तीच बोलेना.

मुलगा म्हणाला, "अण्णा, लहान आहे ती. सॉरी म्हणून टाका की."

"मी? मापाड्यानं?"

तिसऱ्या दिवशी ओटा पुसताना तिचा कागद सापडला. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण पोत्यांवरच्या शिक्क्यांनी अक्षरं शिकवलीत. एल, ए, बी, एच. लाभ! बाजूला चांदणी काढलेली. आणि त्यापुढं वीस रेघा.

आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. या पोरीला कोण सांगणार? तिनं लाभाला चांदणी दिली आणि दोनपासून रेघा ओढल्या. बरोबर ओढल्या.

पेला भरून घेतला आणि जिना चढलो. दाराशी वाटी ठेवून त्यात तांदूळ ओतला आणि मोठ्यानं म्हणालो, "एक."

सगळ्या आयुष्यात पहिल्या मापाला तो शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता.

दार उघडलं. "नो, आजोबा. से लाभ."

"चूक माझी होती. लाभ म्हणजेच एक, ते मी तुला सांगितलंच नाही."

"ओह." तिनं वही उचलली. "बट आय'व्ह ऑलरेडी रिटन इट."

मग तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं, अडेल तिथं मोडक्या मराठीत सांगितलं. तिच्या डोरेस्टाडमध्ये पहिलं माप मोजतच नाहीत. ते गिऱ्हाइकाला तसंच देतात. म्हणून उत्तरेचे लोक तलवारी जहाजात ठेवून बाजाराला येतात. आणि नदी सरकते तेव्हा तेच लोक दोर लावून दुकानं नव्या काठावर ओढून नेतात.

"अगं, असं कुणी फुकट देत नाही. आमच्या मोंढ्यात—"

"इट्स माय टाऊन, आजोबा."

मला गप्प बसवणारी ती पहिलीच.

आता भाताचे तांदूळ तीच काढते. आधी लाभ, मग एक, दोन, तीन. सून म्हणते, रोज भात उरतोय, कुणीतरी हिला नीट मोजायला शिकवा. मी काही शिकवणार नाही. सकाळी उरलेल्याला फोडणी देतो आणि आम्ही दोघं खातो.