आबांचा बेंजो, त्यांचा रेट्रो

"हे ठरवून केलंय की आपोआप झालंय? खरं सांग."

लोणावळ्यातल्या एका बंगल्यात, वीस-बावीस माणसांसमोर त्यानं मला विचारलं. तो समीक्षक. त्यानं चांगलं म्हटलं की पुण्या-मुंबईत गाणं चांगलं. माझा पहिला अल्बम त्या दुपारी त्यांना ऐकवला होता. आठ गाणी. मीच लिहिलेली, मीच गायलेली.

या प्रश्नाच्या पाच मिनिटं आधी हाच माणूस डोळे मिटून डोलत होता. म्हणाला होता, "काय रेट्रो आहे! जुना पॉप असा पुन्हा उभा करायला धाडस लागतं. ती झणझणीत तार! आणि एक गाणं न संपवता थेट दुसऱ्यात शिरणं! फार विचार आहे यामागे. अरेंजर कोण?"

मी म्हणाले, "माझे वडील. टाकव्यात बेंजो पार्टी आहे त्यांची."

"म्हणजे हळदीला टेम्पोवर वाजवतात ते?" एक बाई.

"हो. तेच."

हशा. एकानं सोफ्यावर बसल्या बसल्या हात वर करून हळदीचा नाच करून दाखवला. मग तो प्रश्न आला.

मी उत्तर दिलं. हळदीत गाणं संपवायचं नसतं. नाचणारा एकदा खाली बसला की पुन्हा उठत नाही. म्हणून आबा एका गाण्याच्या शेपटाला दुसरं बांधतात. आयुष्यभर बांधत आलेत. मी टेम्पोत त्यांच्या पायाशी बसून शिकले ते.

"अच्छा. सवय आहे तर," तो म्हणाला आणि चहाकडे वळला.

आठवड्यानं त्याचा लेख आला. धाडस गेलं. 'गाणं कुठे संपवावं याचं भान नाही,' असं लिहिलं. झणझणीत तार 'कर्कश' झाली. गाणी तीच होती. एक सूर हलला नव्हता. फक्त वाजवणाऱ्याचं गाव कळलं होतं.

मग अल्बमच्या निर्मात्याचा फोन. "मोठा कार्यक्रम हातात आहे. अरेंजर म्हणून पुण्यातल्या कुणाचं तरी नाव टाकू. वडिलांना आभारात घेऊ. समीक्षक नव्यानं चांगलं लिहील, बोललोय मी त्याच्याशी."

आबा ओट्यावर बेंजोच्या तारा पुसत होते. त्यांना सांगितलं.

"टाक की. माजं नाव कोन वाचतंय? तुजं गाणं तरी वाजंल."

"न्हाई, आबा."

"लय शिकलीस म्हनून हट्टाला पेटू नगं."

"शिकले म्हणूनच."

आमच्या घरातली पहिली बीए मी. पदवीनं एक गोष्ट दिली. असल्या लोकांचं लिखाण वाचून मी आता दबत नाही. मोठमोठे शब्द, आणि आत कान नाहीच. दाद देण्याआधी ज्याला पत्ता विचारावा लागतो, त्याची दाद घेऊन करायचं काय? टेम्पोमागं नाचणारा दारुडासुद्धा त्याच्यापेक्षा बरा. ठेका चुकला तर तो तोंडावर शिवी देतो. वाजवणारा कुठला, हे बघत नाही.

निर्मात्याला कळवलं, नाव राहील. कार्यक्रम गेला. जाऊ दे.

दुसऱ्या अल्बमचं काम सुरू आहे. टाकव्यातच, गोठ्याशेजारच्या खोलीत. मुखपृष्ठावर आबांचं नाव माझ्या नावाच्या वर. आणि या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही गाणं थांबणार नाही. ज्याला दम लागेल, त्यानं बाजूला व्हावं.