अडीचला उचललं

आमच्या नांदेडच्या फिजिओथेरपी सेंटरवर किस्से जमवावे लागत नाहीत. ज्या घरात माणूस पलंगाला खिळलाय, तिथं आत पाऊल टाकलं की आधी भीती भेटते, आणि भीती भेटली की किस्सा घडतोच. परतताना गाडीत हसतो आम्ही. तिथं असताना मात्र धीर द्यावा लागतो. त्यांना नाही, आम्हाला!

आम्ही म्हणजे मी आणि रफिकभाई. मी परदेशात फिजिओथेरपी शिकून गावी परतले, रफिकभाई गॅरेज सोडून आले. आमचं यंत्र साधं आहे. चाकांवरचा लोखंडी खांब, वर आडवा दांडा, त्याला कापडी झोळी. माणसाला झोळीत बसवायचं, बटण दाबायचं, पलंगावरून थेट व्हीलचेअरवर. पलंगातून खुर्चीत येणं हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही, असं मी सगळीकडं सांगते. रफिकभाई म्हणतात, "मॅडम, भाषण बाद में. आधी पट्टे तपासा."

*

चाकूरचे वाघमारे सर म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. मणक्याला मार लागल्यापासून कमरेखाली हालचाल नाही. त्यांच्या बायकोला, काकूंना मी फोन केला, "उद्या सकाळी सरांना उचलायला येतो." काकूंनी तेच शब्द गल्लीत सांगितले.

सकाळी पोचलो तर अंगणात ही गर्दी! बायका तोंडाला पदर लावून उभ्या. एक म्हातारा म्हणाला, "लई चांगला मास्तर व्हता." मी रफिकभाईंकडं पाहिलं. उशीर झाला आपल्याला!

तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला, "मी अजून हाय! कुणाला उचलायला आलात?"

*

सर पलंगावरून हलायलाच तयार नव्हते. का, ते त्यांच्या पुतण्यानं, नागेशनं, खाली मान घालून सांगितलं.

पूर्वी शेजारचे चौघं चादरीला धरून सरांना खुर्चीत ठेवायचे. मोजायचं काम नागेशचं. एक दिवस त्याला गंमत सुचली. "एक, दोन, अडीच..."

डोक्याकडच्यांनी अडीचला उचललं. पायाकडचे तीनची वाट बघत राहिले. सर फरशीवर!

"जन्मभर गणित शिकवलं," छताकडं बघत सर म्हणाले, "अन् अपूर्णांकानं पाडलं."

तेव्हापासून पलंगावर पडून पडून सरांच्या माकडहाडाशी जखम झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच पडून राहिले तर जखम हाडापर्यंत जाईल, मग माणूस हाती लागायचा नाही. आणि त्यांना कुशीवर वळवायला एकट्या काकू. त्यांच्याच कमरेला पट्टा.

*

धीर द्यायचं काम रफिकभाईंनी अंगावर घेतलं. "सर, मी गॅरेजात ट्रकचे इंजिन उचलायचो, चेनकुप्पीच्या साखळीनं. एक बी इंजिन पडलं न्हाई माझ्या हातून."

"खरं?"

"खुदा कसम. गिअरबॉक्स पडला एकदा."

त्या दिवशी आम्ही यंत्र उघडलंसुद्धा नाही.

*

निघताना सरांनी मला विचारलं, "तुम्ही लटकलात का कधी यात?"

लटकले होते, पण कॉलेजात, गुळगुळीत फरशीवर, सहा जणांच्या घोळक्यात. म्हणून सेंटरवर येऊन झोळीत बसले आणि म्हटलं, "रफिकभाई, घ्या वर."

पाय जमिनीवरून सुटले, झोळी हेलकावली आणि काळीज खाली राहिलं. तेवढ्यात रफिकभाईंचा फोन वाजला. घरून होता. मला अधांतरी ठेवून ते दारात गेले. "हां, मेथी लातो. कितनी? दो जुडी?"

मी जिवाच्या आकांतानं ओरडले. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, घाबरू नका!"

हे वाक्य मी घरोघरी म्हणायचे. तेव्हापासून सोडलं.

*

पुढच्या वेळी गेलो तेव्हा खोलीत जखमेचा वास होता. काकू सारख्या उदबत्ती लावत होत्या. मी हळूच म्हटलं, "सर, जरासं वर घेते."

"वरचा रस्ता माहीत हाय मला. खुर्चीपर्यंत न्या, बास."

तयार झाले! झोळी अंगाखाली सरकवली, पट्टे अडकवले, दोनदा तपासले. रफिकभाईंनी बटण दाबलं. दांडा वर निघाला आणि त्याच्याबरोबर पलंगही! सरांनी दोन्ही हातांनी पलंगाची पट्टी आवळून धरली होती. पलंगाचा एक पाय जमिनीवरून सुटला.

"सर, सोडा!"

"न्हाई!"

बोटं पांढरीफटक पडली होती. रफिकभाईंनी दांडा खाली घेतला. आता हे परत कधी हो म्हणणार नाहीत, असंच मला वाटलं.

*

पलंगाची पट्टी न सोडताच सर म्हणाले, "आधी हिला बसवा. मी बघतो."

काकू दारापर्यंत मागं सरकल्या. "मला काय धाड भरली? म्या न्हाई बसत!"

"मग ऱ्हाऊ दे. मी बी न्हाई."

काकूंनी जळत्या उदबत्तीकडं पाहिलं आणि सरांच्या अंगाखालून काढलेल्या झोळीत येऊन बसल्या. डोळे गच्च मिटलेले, मुठीत पदर. रफिकभाईंनी पट्टे पुन्हा तपासले आणि बटण दाबलं. काकूंची पावलं फरशीवरून सुटली. झोळी एकदा डुलली, थांबली.

काकूंचा आवाज नाही, हालचाल नाही.

"काकू? काकू, उतरवू का?"

मुठीतला पदर सुटला. पाय हळूहळू झुलायला लागले.

"ऱ्हाऊ द्या जरा," मिटल्या डोळ्यांनीच काकू म्हणाल्या.

काकू झुलत राहिल्या. मग पलंगावरून आवाज आला,

"अगं, उतर की आता! माझा नंबर हाय!"