शेड गप्प झाली तेव्हा

कळंबोलीच्या पोलाद बाजारातल्या एका गोदामात मी हिशेब बघतो. माझ्या खोलीत एसी आहे, दाराला रबर लावलेलं आहे. शेडमधला गोंगाट आत येईपर्यंत नुसती गुणगुण उरते. त्या मे महिन्यात शेठ म्हणाले, "दुपारी माल कमी का निघतो, ते जरा बघा." आकड्याशिवाय मला बोलता येत नाही. भिंतीवरचं तापमापक काढून घेतलं आणि भर दुपारी शेडमध्ये गेलो.

दारातच पारा चव्वेचाळीसवर गेला. क्रेनची केबिन तर वर, छपराच्या पत्र्यापाशी. ग्राइंडर, गॅस कटर, पत्रा कापायचं मशीन, सगळं एकदम चालू होतं. मुकादम शेजारी येऊन काही बोलले, पण मला फक्त त्यांचे ओठ हललेले दिसले. इथल्याच गावचा, साठीला आलेला माणूस. त्यांनी माझ्या कानाला तोंड लावलं.

"इथं बोलायचं नाय, भाऊ. सगला हातांचा कारभार हाय. आनि दोन मुठी वर दिसल्या की ज्यानं त्यानं आपलं काम बंद करायचं. कशापायी, ते मागनं इचारायचं."

मी मान डोलावली.

क्रेन पत्र्यांचा गठ्ठा उचलून आमच्या दिशेने येत होती. तो उतरवायच्या जागी एक माथाडी पाठमोरा वाकून लाकडी ठोकळे मांडत होता. मुकादमांनी थांबायची खूण केली. गठ्ठा थांबला नाही. मी वर पाहिलं. उजेड यावा म्हणून छपरात त्याच आठवड्यात काही पारदर्शक पत्रे बसवले होते, आणि उन्हाचा पट्टा नेमका केबिनच्या काचेवर पडला होता. काच पांढरीफटक. आतल्या माणसाला आम्ही दिसत नव्हतो.

मी ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मुकादमांनी दोन मुठी वर केल्या. ग्राइंडर थांबला. ते पाहून पलीकडे गॅस कटर विझला. मग मशीन बंद पडलं. कारण शोधायला कोणी मान वळवली नाही. एवढ्या मोठ्या शेडमध्ये क्रेनची घरघर तेवढी उरली, आणि मग तीही थांबली.

गठ्ठा माथाड्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर झुलत होता.

शांतता जाणवून तो वळला. "काय, जेवायची सुट्टी झाली?"

"तुजी तर कायमचीच व्हनार व्हती," मुकादम म्हणाले, आणि होते तिथेच खाली बसले.

क्रेनवाला शिडी उतरून आला. सदरा पिळून काढावा इतका भिजलेला. "डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा," तो म्हणाला. "काही दिसेना. पण खालचा आवाज गेला, तसा दांड्यावरचा हात आपोआप सुटला, आणि क्रेन थांबली."

गोंगाटात काम करणाऱ्या माणसाला शांतता इतकी मोठ्याने ऐकू येते, हे मला ठाऊक नव्हतं. तापमापक माझ्या हातातच होतं. त्या दिवशी शेठना मी आकडा सांगितला नाही. केबिनवरचा पारदर्शक पत्रा आधी रंगवून घ्या, एवढंच सांगितलं.

संध्याकाळी रोडपालीला घरी चहा घेत होतो. आत बायको वाटण वाटत होती. तिने मिक्सर बंद केला, आणि मी कप खाली ठेवून आधी मागे पाहिलं, मग वर.